साडेतीन वर्षांच्या हातात पेन्सिल कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनमध्ये शाळा उघडल्या की नर्सरीच्या दप्तरात चार रेघी वही येते आणि वडोदऱ्यात घरोघरी संध्याकाळचं रडगाणं सुरू होतं. गुजरातेत 2023-24 पासून पहिलीच्या प्रवेशाला 1 जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात. पाच ते सहाच्या मुलांसाठी सरकारी शाळांत बालवाटिकाही आहे. म्हणजे साडेतीन वर्षांच्या मुलाला लिहितं करण्याची घाई सरकारला नाही. ती आपल्याला आहे. भरलेली वही पालकांना फीची पावती वाटते, आणि शाळा ती बिनबोभाट देत राहतात.

मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेची असतात आणि पुढे एकेक करून कठीण होतात. चौथ्या वर्षी साधारण निम्मीच झालेली असतात. हाताची ताकदही आधी खांद्यात येते, मग मनगटात, बोटांत सर्वांत शेवटी. तिसऱ्या वर्षी मूल गोल काढतं, चौथ्याच्या सुमारास अधिकचं चिन्ह, पाचव्याच्या आसपास चौकोन. तिरक्या रेघांचा त्रिकोण त्याच्याही नंतर जमतो. इंग्रजी मुळाक्षरांतलं पहिलंच अक्षर दोन तिरक्या रेघांचं आणि गुजराती कक्को, म्हणजे मुळाक्षरं, सगळा वळणांचा. वर आपण मराठी घरं, म्हणून आजी देवनागरी 'अ' गिरवून घेते ते वेगळंच. (मराठी टिकवायची तर गोष्टी सांगाव्यात, गप्पा माराव्यात; अक्षरं दोन वर्षांनी आली तरी मराठी कुठे पळून जात नाही.)

हात तयार नसताना लिहायला लावलं की मूल पेन्सिल मुठीत धरतं किंवा अंगठा बोटांवरून गुंडाळतं, अख्खा दंड हलवतं, कागद फाटेपर्यंत दाबतं. ही पकड एकदा बसली की दुसरीत गेल्यावर सोडवणं फार जड जातं. 'हात दुखतो' हे नेहमीच निमित्त नसतं. मुलाचा हात धरून गिरवून घेण्यात तर कष्ट बाईंच्याच हाताला होतात.

त्याऐवजी कणीक द्या. 2 वाट्या कणीक, 1 वाटी मीठ, 1 चमचा तेल, रंगाला चिमूटभर हळद. पाणी पाऊण वाटीपासून बेतानं घालत घट्ट मळा. दहाएक मुलांना प्रत्येकी लिंबाएवढा गोळा पुरतो. मिठामुळे बुरशी लवकर धरत नाही, पण तेच मीठ पावसाळ्यात ओल ओढतं आणि गोळा चिकट होतो. तेव्हा कोरडं पीठ लावून पुन्हा मळावं, गोळा डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा, आठवड्यानं टाकून द्यावा. हाताला जखम असेल त्या मुलाला बिनमिठाची कणीक. आणि एवढं मीठ पोटात जाणं धोक्याचं आहे, म्हणून तोंडात घालणाऱ्या मुलाजवळ बसूनच खेळू द्यावं. गणपतीआधी मूर्तिकारांकडे शाडू असतो, तोही उत्तम.

दुसरं म्हणजे उभा फळा. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेल्या फळ्यावर मनगट आपोआप योग्य बाकात राहतं. खडू अख्खा देऊ नये, दोन सेंटिमीटरचा तुकडा द्यावा. तो मुठीत धरून लिहिताच येत नाही, बोटांतच धरावा लागतो. दोरीवर चिमट्यांनी रुमाल वाळत घालणं, हिवाळ्यात मटार सोलणं, हीसुद्धा बोटांचीच कामं. चणे-वाटाणे निवडायला देताना मात्र नजर हटवू नये. नाकात गेलेला दाणा ओलीनं फुगतो आणि मग डॉक्टरांशिवाय निघत नाही.

यात नवं काही नाही. गुजरातेतले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर काढलं ते हाताला काम देऊनच, आणि त्यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या ताराबाई मोडक आपल्याच भाषेतल्या. तेव्हा पालकसभेत 'किती पानं झाली' असं न विचारता वर्गात उभा फळा किती उंचीवर लावलाय, हे विचारावं.

पाचव्या वर्षानंतर, चौकोन नीट येऊ लागला की जाड त्रिकोणी पेन्सिल द्यावी, दहा मिनिटांच्या वर नाही. पाय जमिनीला टेकलेले हवेत, लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवावा. मूल डावरं असेल तर हात बदलायला लावू नये; कागद थोडा उजवीकडे तिरका करून द्यावा, म्हणजे लिहिलेलं त्याला दिसतं.

आपली,
एक बालवाडी शिक्षिका
दांडिया बाजार, वडोदरा