खिळ्याच्या गनला हवा देताना : कामगारमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

उल्हासनगर घ्या नाहीतर ओशिवरा, फर्निचरच्या गाळ्यांत आता सोफ्याची फ्रेम, प्लायचे बॉक्स, पॅकिंगच्या पेट्या सगळं हवेच्या गनवर ठोकलं जातं. गन चालवायला कारागीर लवकर शिकतो. तिला हवा कशी द्यायची, हे मात्र त्याला कोणी शिकवत नाही. माझं गाऱ्हाणं तेवढंच आहे.

निपल (गनला हवा आत घेणारं तोंड) आणि कपलर (पाइप सुटला की आपोआप बंद होणारा जोड) यांचंच बघा. गनवर उघडा निपल आणि पाइपवर कपलर असला, की पाइप काढताक्षणी गनमधली हवा निघून जाते. हेच उलटं जोडलं, तर कपलर बंद होतो आणि हवा गनमध्ये कोंडते. पाइप निघाला म्हणून कारागीर निर्धास्तपणे अडकलेला खिळा काढायला जातो. चाप दबला तर ती सुटी गनही खिळा मारू शकते. बरं, योग्य जोडणीला जास्तीचा पैसाही लागत नाही.

दाबाचं तसंच. बहुतेक खिळ्याच्या गनना ५ ते ८ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब पुरतो, कमाल मर्यादा गनवरच लिहिलेली असते. कॉम्प्रेसरची टाकी मात्र त्याहून जास्त भरू शकते, म्हणून मधे दाब कमी करणारा रेग्युलेटर हवाच. कमी दाबापासून सुरुवात करून खिळा नीट बसेपर्यंतच वाढवायचा.

सगळ्यात भीती वाटते ती वीज जाऊन कॉम्प्रेसर बंद पडल्यावर. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर उभा असतो आणि ऑर्डर संध्याकाळपर्यंत द्यायची असते, मग गन त्यालाच जोडायचा मोह होतो. भरलेल्या सिलिंडरात दाब १५० किलोच्या आसपास, आणि गनमध्ये तेल. दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला भेटला की बाहेरची ठिणगी नसतानाही स्फोट होऊ शकतो. रेग्युलेटर लावून हा धोका टळत नाही. गनला कॉम्प्रेसरची हवाच द्यायची, दुसरा कुठलाही गॅस नाही.

पावसाळ्यात टाकीत भरपूर पाणी साठतं. खालचा कॉक उघडून ते रोज सोडलं नाही तर पत्रा आतून गंजतो, बाहेरून रंग मात्र चकचकीत. जास्तीचा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून तिथे बोल्ट आवळणारे महाभागही आहेत. हवेसाठी पाण्याचा पीव्हीसी पाइप टाकणाऱ्यांना तर हात जोडावेत. तो फुटला की तुकडे गोळीसारखे उडतात.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३१ दाबाच्या यंत्रांसाठीच लिहिलेलं होतं. पण २०२० च्या सुरक्षा संहितेतही विजेवर चालणारा कारखाना ठरायला २० कामगार लागतात. गाळ्यात असतात चार-पाच जण. टाकी फुटताना हजेरीपट बघत नाही, साहेब.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने अशा वस्त्यांत टाक्यांत पाणी भरून त्यांची दाबाची चाचणी करणारी शिबिरं घ्यावीत, माफक शुल्कात. पहिल्या फेरीत दंड नको, नाहीतर जुनी टाकी कोणी बाहेरच काढणार नाही. आणि गन विकणाऱ्याने योग्य निपल, रेग्युलेटर आणि चित्रांचं पत्रक दिल्याशिवाय विक्री करू नये, असा नियम व्हावा. पत्रक मराठीत आणि हिंदीतही हवं, कारण आमचे बरेच कारागीर उत्तर प्रदेश-बिहारचे आहेत.

आपला,
एक फर्निचर कारखानदार, उल्हासनगर