क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र: स्केटपार्कात एक उथळ बाऊल हवा, आणि गेटवर वयाची अट नको

माननीय क्रीडामंत्री,
सप्रेम नमस्कार.

नवीन स्केटपार्क बांधायचं ठरलंय आणि प्लॅन अजून कागदावरच आहेत असं कळलं, म्हणून काँक्रीट पडायच्या आधी घाईघाईने लिहितोय, कारण एकदा ते सेट झालं की पुढची कित्येक वर्षं कुणी हात लावत नाही. मागणं दोनच गोष्टींचं आहे. प्रत्येक पार्कात एक उथळ, गुळगुळीत बाऊल हवा, म्हणजे वाडग्यासारखा, कडांना गोलाईने वर चढणारा काँक्रीटचा खड्डा, आणि गेटवरच्या पाटीवर वयाची वरची मर्यादा नको.

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे. शाळा-कॉलेजात स्केटबोर्ड चालवायचो, मग नोकरी, संसार, मुलांची शिक्षणं, बोर्ड माळ्यावर गेला तो गेलाच. आता परत सुरू केलंय, आणि जुन्याच पद्धतीने. जुनी पद्धत म्हणजे साधारण दहा इंच रुंद बोर्ड, पुढचं टोक आखूड, मागे मोठी टेल म्हणजे शेपटीचं टोक, खाली साठ मिलिमीटरच्या आसपासची मोठी मऊ चाकं. आजची पोरं वापरतात तो बोर्ड दोन्ही टोकांना सारखा, आठ-सव्वाआठ इंचाचा, चाकं लहान आणि कडक, आणि तो बनलाय उड्या मारायला आणि फ्लिप करायला, म्हणजे बोर्ड हवेत उलटवायला. त्यांचं बघायला मला मनापासून आवडतं. पण आम्हाला हवं असतं ते वेगळं, उतारावरून वेग घ्यायचा, कार्व्ह करत म्हणजे वळणं घेत भिंतीवर चढायचं, वर कोपिंगवर म्हणजे काठावर ट्रक, म्हणजे चाकांचा धातूचा आस, घासून ग्राइंड करायचा आणि त्याच वेगात परत खाली यायचं.

आता ही नुसती आवड नाही, शरीराचाही प्रश्न आहे. जिन्यावरून उडी मारली की सगळा दणका घोट्यात आणि गुडघ्यात जातो, विशीत तो पचतो, पन्नाशीत नाही पचत. बाऊलमध्ये गुडघे वाकवून-सरळ करून पंप केलं की गोलाईच तुम्हाला वेग देते, आणि तोल गेला तर नी-पॅडवर बसून घसरत खाली येता येतं. नी-स्लाइड म्हणतात त्याला, आणि परत येणाऱ्या माणसाने ट्रिकच्या आधी तेच शिकायला हवं. इजा होतच नाही असं मी म्हणणार नाही, मनगटं आमचीही दुखावतात, पण पॅड, हेल्मेट आणि नीट बांधलेली गोलाई असेल तर हा खेळ या वयात खरंच खेळता येतो आणि पाय, कंबर, तोल सगळ्याला इतका व्यायाम होतो की जिममध्ये मला कधी तसा झाला नाही.

आणि साहेब, हा खेळ वाढला तोच मुळी अशा गोलाईवर. आधी चाकं माती मिसळलेल्या कडक मिश्रणाची असायची, बारीक खडा आला तरी बोर्ड जागीच थांबायचा आणि माणूस पुढे. 1973 च्या सुमारास अमेरिकेतल्या फ्रँक नॅसवर्दीने युरेथेनची, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकची, चाकं बाजारात आणली, त्यांना पकड होती, आणि मग 1976-77 च्या दुष्काळात कॅलिफोर्नियातले गोलाईच्या भिंतींचे पोहण्याचे तलाव रिकामे पडले तेव्हा सर्फिंग करणारी पोरं त्यात बोर्ड घेऊन उतरली. त्याच दशकात काँक्रीटचे पार्क बांधले गेले. इंग्लंडमध्ये हॉर्नचर्चचा रॉम पार्क 1978 चा, त्याला 2014 मध्ये संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला! नव्वदच्या दशकात स्ट्रीट स्केटिंग, म्हणजे रस्त्यावरच्या पायऱ्या-रेलिंगवरचं स्केटिंग, जोरात आलं, बोर्डाचा आकार बदलला, आणि त्यानंतरचे बरेच पार्क पायऱ्या, रेलिंग आणि कट्टे एवढ्यावरच थांबले. मला वाटतं तिथेच आपण मोठ्या लोकांना बाहेर ठेवलं, कुणी ठरवून नाही, पण ठेवलं.

वयाचं म्हणाल तर पॅरिस ऑलिंपिक बघा. 2024 मध्ये ब्रिटनचा अँडी मॅकडॉनल्ड 51 व्या वर्षी पार्क प्रकारात उतरला, दक्षिण आफ्रिकेचा डॅलस ओबरहोल्झर 49 चा होता, आणि त्याच बाऊलमध्ये महिलांच्या स्पर्धेत चीनची झेंग हाओहाओ होती, वय 11. प्रसिद्ध अमेरिकन स्केटर टोनी हॉकने 1999 मध्ये हवेत अडीच गिरक्या घेतल्या, 900 अंशांच्या म्हणून तिला '900' म्हणतात, ती पुन्हा 2016 मध्ये केली तेव्हा तो 48 वर्षांचा होता. असं असताना एका पार्कात मला गेटवर विचारलं गेलं, "तुमचा मुलगा कुठंय?" मी म्हटलं मीच चालवणार आहे, तर पाटीकडे बोट दाखवलं, सोळा वर्षांपर्यंतच. सिक्युरिटीवाल्याचा दोष नाही, त्याला जे सांगितलंय ते तो करतो. पण पाटी कुणीतरी लिहिली ना, आणि ती लिहिताना मोठी माणसं खेळतात हे त्याच्या डोक्यातच आलं नसेल.

बाऊलबद्दल थोडं तांत्रिक लिहितो, तुमच्या इंजिनियरांना दाखवा. खोली चार-पाच फूट पुरे. गोलाईची त्रिज्या खोलीपेक्षा चांगली जास्त ठेवा, चार फूट खोलीला सात फूट त्रिज्या धरली तर भिंत कुठेच उभी होत नाही, शिकणारं पोर आणि परत आलेला आजोबा दोघांनाही ती झेपते, आणि ज्याला येतं त्याला वेगही मिळतो. सगळ्यात खोल जागी ड्रेन हवाच, नाहीतर पावसानंतर डबकं होतं आणि बाऊल बंद. सांधे कमीत कमी. काँक्रीट फवारून हाताने घोटायचं असतं, शॉटक्रीट म्हणतात, रस्त्याची कामं करणाऱ्या नेहमीच्या कंत्राटदाराला ती फिनिश जमेलच असं नाही, म्हणून टेंडरमध्ये आधी बाऊल बांधल्याचा अनुभव मागा. आणि लाईट द्या, नोकरी करणारा माणूस संध्याकाळी उशिराच येणार. पहाटेचा किंवा रात्रीचा एखादा तास मोठ्या नवशिक्यांसाठी ठेवला तर फारच उत्तम, लोक लहान मुलांसमोर पडायला लाजतात आणि त्यामुळे येतच नाहीत.

स्केटरांना विचारा एवढी आणखी विनंती. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये 1990 मध्ये बर्नसाइड पुलाखाली स्केटरांनी परवानगी नसताना स्वतःच काँक्रीट ओतून पार्क उभा केला, शहराने तो नंतर मान्य केला आणि तिथे आजही लोक चालवतात, कारण बांधणाऱ्यांना गोलाई कशी असावी ते पायाला माहीत होतं. आम्हाला परवानगीशिवाय काहीच करायचं नाहीये, तुमच्या प्लॅनवर बसून बोलायचंय. सह्या व्हायच्या आधी एक बैठक लावा, शक्यतो एखाद्या चालू बाऊलच्या काठावरच, म्हणजे कुठे काय चुकतं ते इंजिनियरांना चालवून दाखवता येईल. पाटीसाठी मात्र बैठकीची वाट बघायची गरज नाही, ते एका परिपत्रकाचं काम आहे, ते या महिन्यातच निघावं.

आपला,
परत बोर्डवर आलेला एक स्केटर