चार्ट केबिनमध्ये बसून काढू नका

संपादक साहेब, नमस्कार.

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात नवं सॉफ्टवेअर यायच्या आधी कामाचा फ्लोचार्ट काढला, बीपीएमएन म्हणतात त्या ठरलेल्या चिन्हांच्या पद्धतीनं, २०१३ पासून तिचं आयएसओ स्टँडर्डपण आहे, पण काढला केबिनमध्ये बसून! त्यात माल गेटवरून थेट स्टोअरला जातो. खरं तर आधी चलानवर क्यूसीवाल्या, म्हणजे माल तपासणाऱ्या भाऊंची सही लागते, ते जेवायला गेले की ट्रक उभाच. मग भिंतीवर मोठा कागद लावून सगळ्या डिपार्टमेंटला बोलावलं तेव्हा अकाउंट्सला कळलं की बिलं कुठं अडकतात, आणि जे आधी 'काऊन बदलायचं?' म्हणत होते तेच सांगायला लागले की सही मोबाइलवर घ्या. नुसत्या ट्रेनिंगनं एवढी तयारी होत नाही बाप्पा. बाकी कंपन्यांनीही चार्ट काढताना गेटवरच्या माणसाला आधी विचारावं.

एक वाचक, नागपूर