शाल-श्रीफळ, दोन मणी आणि औंढ्याचं लायगो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत एक लेख होता, सायन्सच्या कॉन्फरन्स म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने फिरून यायचा धंदा, आता झूम आहे तर बंद करा ही नाटकं, असा एकूण सूर. वाचून आधी हसलो कारण निम्मं खरंच आहे. मी एकतीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलंय, 'नॅशनल कॉन्फरन्स' नावाचे सोहळे भरपूर पाहिलेत. एकाचं सांगतो, कॉलेजचं नाव नको. दहाचं उद्घाटन, पाहुणे आले सव्वाअकराला, मग दीपप्रज्वलन, वात काही पेटेना म्हणून शिपायाला कापूर आणायला पिटाळलं, मग स्वागतगीत, अकरा जणांना शाल-श्रीफळ, आभार, जेवण. माझा पेपर दुपारी साडेतीनला, वेळ पाच मिनिटं, समोर बसलेले सहा जण आणि त्यातले चार आपला नंबर कधी येतो याची वाट बघणारे. प्रश्न एकच आला, "सर, सर्टिफिकेट कुठे मिळतंय?"

तेव्हा राग समजू शकतो. पण त्या लेखकाने सगळ्यांना एकाच मापाने मोजलं ते काही पटलं नाही, आणि आम्ही हिंगोली जिल्ह्यातले लोक, आमच्या औंढा नागनाथजवळ 2600 कोटींचं लायगो (गुरुत्वलहरी पकडणारं यंत्र) उभं राहतंय त्याची मुळं एका कॉन्फरन्समध्येच आहेत, म्हणून लिहायला बसलो.

गुरुत्वाकर्षणावर काम करणाऱ्या जगभरच्या लोकांची एक परिषद आहे, 'जीआर' म्हणतात तिला. (सरकारी जीआर नव्हे! जनरल रिलेटिव्हिटीचा, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताचा.) साधारण तीन वर्षांनी भरते. पहिली भरली 1955 च्या जुलैत स्वित्झर्लंडमधल्या बर्नला, स्पेशल रिलेटिव्हिटीला 50 वर्षं झाली म्हणून, आणि ज्याच्यासाठी सगळं चाललं होतं ते आइन्स्टाइन त्याच एप्रिलमध्ये गेले. नंतर मोजणी सुरू झाली तेव्हा बर्नला शून्य नंबर दिला. शून्यापासून मोजणारी माणसं, म्हणजे आपलीच म्हणायची.

तेव्हा या विषयाला कुणी फारसं विचारत नव्हतं. गणित अवघड, प्रयोग जवळपास नाहीत. आणि एक मोठा घोळ होता, गुरुत्वलहरी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पसरत जाणाऱ्या लाटा, खऱ्या का नुसत्या कागदावरच्या? 1916 ला आइन्स्टाइननेच त्या सांगितल्या, 1936 ला त्यांनीच आपले सहकारी रोझेन यांच्याबरोबर पेपर लिहिला की त्या नसतातच, मग चूक सापडली आणि निष्कर्ष फिरवला. बर्नला रोझेन तरीही म्हणत होते की या लहरी ऊर्जा वाहून नेत नाहीत. आता ऊर्जाच नेत नाही तर ती लहर सापडणार कशी, आणि नसलेल्यासारख्या गोष्टीसाठी यंत्राला पैसे तरी कोण देणार?

मग आली जानेवारी 1957 ची चॅपल हिलची परिषद, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात. सेसिल आणि ब्राइस डेविट या तरुण नवरा-बायकोने भरवली. पैसा कुठून आला ते बघा, बानसन नावाचे तिथले एक कारखानदार यामागे होते, त्यांना गुरुत्वाकर्षणावर मात करायचं भारी वेड, आणि शिवाय अमेरिकन हवाई दल. डेविटनी मात्र तो पैसा घेऊन नीट फिजिक्सच केलं.

प्रसिद्ध अमेरिकन फिजिसिस्ट रिचर्ड फाइनमन तिथे एक दिवस उशिरा पोचले. विमानतळावर उतरल्यावर कळलं की नॉर्थ कॅरोलायनाची युनिव्हर्सिटी दोन गावांत आहे आणि आपल्याला कुठल्या गावी जायचंय ते यांना माहीतच नाही. मग टॅक्सीवाल्यांच्या माणसाला म्हणाले, काल इथून बरेच लोक गेले असतील बघ, आपल्याच तंद्रीत, कुठे चाललोय याचं भान नाही, एकमेकांशी 'जी-म्यू-न्यू, जी-म्यू-न्यू' (रिलेटिव्हिटीच्या समीकरणांतलं चिन्ह) असं काहीतरी बोलणारे. त्याने लगेच ओळखलं, "हां, चॅपल हिल!"

आता मुद्द्याचं. तिथे फेलिक्स पिरानी या फिजिसिस्टनी सांगितलं की एकट्या कणाकडे बघत बसू नका, शेजारच्या दोन कणांमधलं अंतर कसं बदलतं ते बघा, ते खरं मोजता येतं. त्यावर चर्चा झाली आणि फाइनमननी एक दांडी घेतली, म्हणजे मनातल्या मनात, तिच्यावर दोन मणी ओवले, जरा घट्ट, पण सरकतील असे. लहर आली की मणी पुढेमागे सरकायला बघणार, दांडी कडक असल्यामुळे ती तेवढी ताणली जाणार नाही, म्हणजे मणी दांडीवर घासणार. घासलं की गरम होणार. ही उष्णता आली कुठून? लहरीतून! म्हणजे लहर ऊर्जा नेते. संपला वाद (पूर्ण संपायला बरीच वर्षं गेली म्हणा, पण पारडं तिथे फिरलं). मी हे बारावीच्या पोरांना उदबत्तीची काडी आणि आईच्या तुटलेल्या माळेचे मणी घेऊन दाखवायचो, मागच्या बाकावरचा पोरगासुद्धा मान वर करायचा.

ऐकणाऱ्यांत जोसेफ वेबर नावाचे इंजिनिअर होते, ते परत जाऊन डिटेक्टर बांधायच्या मागे लागले, ॲल्युमिनियमचे मोठे सिलिंडर टांगून. 1969 ला त्यांनी लहरी सापडल्या म्हणून जाहीर केलं, पण दुसऱ्या कुणालाच त्या मिळेनात. तोवर एमआयटीत रायनर वाइस पोरांना रिलेटिव्हिटी शिकवत होते, त्यांना पिरानींच्या लिखाणावरून सुचलं की ते अंतर लेझरने मोजू. तेच लायगो. 14 सप्टेंबर 2015 ला लहर सापडली. चॅपल हिलपासून 58 वर्षं.

आणि हे आपल्याला कळतंय कारण सेसिल डेविट यांनी तिथली चर्चासुद्धा, कोण काय म्हणालं, कोणी कुणाला अडवलं, अहवालात छापून ठेवली. आमच्या त्या नॅशनल कॉन्फरन्सच्या पुस्तकात काय होतं? मंत्र्यांचा शुभेच्छा संदेश, फोटोसकट.

सगळं गोडच होतं असंही नाही. 1962 ला वॉर्साजवळ परिषद होती तेव्हा याच फाइनमननी बायकोला पत्र लिहिलं की इथे 126 मठ्ठ लोक जमलेत, माझं ब्लड प्रेशर वाढतंय, पुन्हा गुरुत्वाच्या परिषदेला जायचं नाही याची मला आठवण कर. पण तिथेच त्यांनी गुरुत्व आणि क्वांटम यांची सांगड घालायचं जे भाषण केलं, आणि डेविटनी प्रश्न विचारून विचारून त्यांना जे खोलात नेलं, ते आजही लोक वाचतात. राजकारण तर पाचवीला पुजलेलं. 1968 ची तिबिलिसीला, ऐन वेळी सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले आणि पश्चिमेकडच्या काहींनी जायचंच टाळलं.

2004 ला डब्लिनला हॉकिंगनी शेवटी शेवटी वेळ मागून घेतली आणि ब्लॅक होलमधली माहिती नष्ट होत नाही, मी पैज हरलो, असं सगळ्यांसमोर कबूल केलं. पैजेचं बक्षीस म्हणून बेसबॉलचा विश्वकोश द्यायचा होता. हॉकिंग म्हणाले इंग्लंडमध्ये तो मिळेना म्हणून मी क्रिकेटचा देऊ केला तर पैज जिंकलेले फिजिसिस्ट प्रेस्किल ऐकेचनात. क्रिकेट नको म्हणणारा माणूस, काय बोलणार.

आपल्याकडेही ही जीआर परिषद आली होती, 15 नंबरची, डिसेंबर 1997, पुण्याला, नारळीकर सरांच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत. त्याआधी 1987 ला गोव्यात भारतातली वेगळी मालिका सुरू झाली होती, त्याच विषयाची. आणि ही जीआर परिषद चालवणारी जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे तिचे 2007 ते 2010 अध्यक्ष होते फिजिसिस्ट अभय अष्टेकर, जन्म शिरपूरचा, आपल्या धुळे जिल्ह्यातला. तुमच्या पेपरात हे मी तरी कधी वाचलं नाही.

झूमचं म्हणाल तर 2022 ची बीजिंगची परिषद कोविडमुळे ऑनलाइनच झाली. भाषणं ऐकू येतात हो, नाही कोण म्हणतं. सकाळी सगळ्यांसाठी मोठी व्याख्यानं, दुपारी वेगवेगळ्या खोल्यांत छोटी छोटी सत्रं, हे स्क्रीनवर जमतं. पण चहाच्या रांगेत पुढचा माणूस वळून "तुमचं ते चौथं समीकरण मला पटलं नाही" म्हणतो ते म्यूटवर असताना कसं होणार? पुढच्या वेळी ग्लासगोला, जुलै 2025 मध्ये, लोक पुन्हा विमानाने गेलेच ना.

एक विनंती आहे. जवळपास कुठे खरी कॉन्फरन्स असली तर वार्ताहराला उद्घाटनाला पाठवू नका, दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला पाठवा, आणि समईचा फोटो नको, फळ्याचा आणा.

आपला,
एक निवृत्त फिजिक्स मास्तर, वसमत (जि. हिंगोली)

ता.क. पत्र लांबलंय, माहीत आहे. कापायचंच झालं तर माझ्या पेपरचं रडगाणं कापा, मणी ठेवा.