जुनी काइट विकत घेण्यापूर्वी : सभासदांना सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, गोव्यातील मोरजी किनाऱ्यावरील हंगामासाठी काइटसर्फिंगची (पाण्यावर फळीवर उभे राहून, वाऱ्यावर उडणाऱ्या मोठ्या पतंगाच्या ओढीने सरकण्याच्या खेळाची) जुनी काइट घेताना ती फुगवून तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. २००५ च्या सुमारास बो काइट (धनुष्यासारख्या, अधिक चपट्या आकाराच्या) बाजारात आल्या आणि बार (दोऱ्या जोडलेला, हातात धरायचा दांडा) पुढे सोडताच ओढ जवळजवळ नाहीशी करणे शक्य झाले. त्याआधीच्या सी आकाराच्या काइटमध्ये ही सोय फारच अपुरी असल्याने, कितीही स्वस्त मिळाली तरी नवशिक्याने ती घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्यानंतरच्या काइटच्या बाबतीत वयापेक्षा कापडाने किती ऊन खाल्ले हे महत्त्वाचे ठरते. नवे कापड चुरगाळले की कागदासारखे वाजते; जीर्ण झालेले मऊ आणि लुळे पडते, आणि मागच्या कडेजवळ, जिथे ते सतत फडफडते, दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणले तरी फाटते. अशा कापडाला लावलेले ठिगळही टिकत नाही. व्हॉल्व्हचा (हवा भरण्याच्या झडपेचा) सुटलेला गोंद किंवा ब्लॅडरचे (आतल्या हवेच्या पिशवीचे) बारीक छिद्र मात्र दुरुस्त होते, त्यासाठी चांगली काइट नाकारू नये.

हवेत काइट वारंवार मागे कोसळत असेल, तर दोष बहुधा दोऱ्यांचा असतो, कारण अधिक भार पेलणाऱ्या मधल्या दोऱ्या कालांतराने लांबतात. ट्रिम (मधल्या दोऱ्यांची लांबी कमी-जास्त करण्याची सोय) पूर्ण मोकळी सोडून, दोऱ्यांची चारही टोके एका खांबाला अडकवून बार ओढला की लांबीतील फरक लगेच दिसतो. सेफ्टी रिलीज (संकटात काइटची ओढ तोडणारी कळ) वाळूने अडत असेल, तर तो बार घेऊन पाण्यात उतरू नये.