कराडचं तिकीट

परवा स्वारगेट-कराड एसटीत भेटलेले कंडक्टरदादा आणि शेजारच्या मावशी, तुमचे मनापासून आभार.

मी बोलताना अडखळतो. 'क' येणार हे कंडक्टर दोन सीट लांब असतानाच कळतं. तेव्हाच श्वास थांबतो, गळा आवळतो आणि त्या धास्तीनं शब्द आणखीच अडतो. कित्येकदा सोपं जातं म्हणून 'सातारा' सांगून तिथंच उतरलोय, पुढं दुसरी गाडी धरलीय. (गाताना हाच 'क' कधीच अडत नाही.)

दादा, तुम्ही घाई न करता थांबलात. मावशी, तुम्ही माझा शब्द पुरा केला नाहीत. मागच्यांना फक्त "बोलू द्या त्याला" म्हणालात. 'कराड' मीच म्हणालो, तीनदा अडखळून. ते तिकीट अजून पाकिटात आहे. तुमची नावं विचारायची राहिली.