उस्ताद, त्या 640 रुपयांबद्दल आभार

उस्ताद,

पत्र असं चारचौघांत लिहितोय, कारण तोंडावर आभार मानले की तू "काय काका" म्हणून पक्कड मागतोस आणि विषय संपवतोस. नाव लिहीत नाही. भोसरी-मोशीकडच्या ज्यांनी तुझ्याकडून काम करून घेतलंय, ते बरोबर ओळखतील.

2020 साली लग्नं पन्नास माणसांत उरकायला लागली आणि पत्रिका व्हॉट्सॲपवर गेल्या. ज्या छापखान्यात मी बावीस वर्षं डीटीपी आणि मुद्रितशोधन केलं, त्याला दिवाळीनंतर कुलूप लागलं. मी तेव्हा 44 वर्षांचा. त्यानंतर सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले. मेव्हणा फोनवर आधी तब्येत विचारायचा. कुणी वॉचमनची नोकरी सुचवली की पुढे "तात्पुरती हं" असं आवर्जून जोडायचं. आजाऱ्याला भेटायला आल्यासारखं चाललं होतं सगळं.

तू आमच्या सोसायटीच्या मीटर रूममध्ये वायरिंगचं काम करत होतास. हेल्पर लागतो का, म्हणून मी विचारलं. तू मला वरून खाली न्याहाळलंस आणि म्हणालास, "चष्मा जवळचा की लांबचा?" दोन्हीचा, मी म्हटलं. "मग शिडीवरून उतरताना भिंगाच्या खालच्या भागातून बघू नका, पायरी धूसर दिसते. पायानं चाचपडा. हजेरी साडेचारशे. उद्या आठला." झाली मुलाखत. तू तेव्हा एकोणतीसचा. कामावर तुला उस्ताद म्हणायला मला पहिल्या आठवड्यात जड गेलं, दुसऱ्यात सवय झाली. तू मात्र मला कधी अरे-तुरे केलं नाहीस. शिव्यासुद्धा अहो-जाहो घालून दिल्यास. "तुम्ही गाढव आहात का?" हे वाक्य इतक्या आदरानं मला दुसऱ्या कुणी ऐकवलेलं नाही.

ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं ते इन्व्हर्टरच्या दिवशी. मी डीबीतला (घरातल्या सगळ्या स्विचांच्या मुख्य डब्यातला) मेन स्विच पाडला, सॉकेटला टेस्टर लावला, पेटला नाही, म्हणून बिनधास्त बोर्ड उघडून पंख्याच्या वायरीकडे हात नेला. तू मनगटावर असा फटका मारलास की वळ उठला. सॉकेट मेनवर होतं, पंखा इन्व्हर्टरवर. "मेन पाडला की लाईट गेली, असं घरमालकानं समजायचं. आपण नाही." मग तू टेस्टर लावायला शिकवलंस. आधी जिथं लाईट नक्की आहे तिथं लावायचा, मग जिथं हात घालायचाय तिथं, मग परत पहिल्या जागी. मधल्या वेळात टेस्टरच मेला असेल तर? ही शंका मला सात जन्मांत सुचली नसती. आता घरातून निघताना गॅस बंद आहे का ते मी तीनदा बघतो, बायको वैतागते.

पण मुख्य आभार मोशीच्या बंगल्याचे. किचनच्या पॉवर पॉईंटला मी अडीच चौरस मिलिमीटरची वायर ओढत होतो आणि ती वीतभर कमी पडली. संध्याकाळ झालेली, बस गाठायची होती. मी टोकं सोलली, पीळ दिला, टेप चांगली घट्ट गुंडाळली आणि जॉईंट अलगद पाईपात सरकवला. बेंडमधूनही गेला. सीरिज लॅम्प, म्हणजे वायर जोडलेली आहे का ते दाखवणारा दिवा, लावला, पेटला. मला तर स्वतःचं कौतुकच वाटलं.

सकाळी तू येऊन बोर्डाच्या बाजूनं वायर नुसती दोन बोटांनी मागे-पुढे केलीस. थांबलास. "काका, आत जॉईंट आहे?" मी गप्प. तू आवाज चढवला नाहीस. तिन्ही वायरी बाहेर ओढायला लावल्यास आणि माझ्यासमोर कटरनं त्यांचे हात-हात लांबीचे तुकडे केलेस, म्हणजे मला त्या परत वापरायची इच्छाच होऊ नये. "जॉईंट डब्यात. पाईपात नाही. उद्या इथं ओव्हन लागेल, जॉईंट सैल असला तर तापेल, टेप वितळेल. भिंतीच्या आत कुणाला दिसणार? लॅम्प काय, लॅम्प दोऱ्यावरसुद्धा पेटेल." दोऱ्यावर पेटत नाही हे मला माहीत होतं, पण ती वेळ मुद्रितशोधनाची नव्हती.

शनिवारी पाकिटात 640 रुपये कमी होते. वर कागदावर तुझ्या अक्षरात "वायर". मागच्या महिन्यात त्या एकोणीस वर्षांच्या पोरानं ड्रिलचा बिट मोडला तेव्हा त्याच्याही पाकिटावर असंच "बिट" लिहिलं होतंस. बसमध्ये मी धुमसत होतो. माझ्या मुलाच्या वयाचा होता होता राहिलेला माणूस माझे पैसे कापतो! नाशिक फाट्यापर्यंत हे चाललं. मग लक्षात आलं की छापखाना बंद झाल्यापासून माझ्यावर मनापासून चिडलेला हा पहिला माणूस. बाकी सगळ्यांनी मला माफ करून टाकलं होतं. मी काही बिघडवू शकतो, म्हणजेच काही नीट करू शकतो, एवढा हिशेब फक्त तू धरला होतास.

घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं केलं त्यानं." तेव्हापासून ती तुझ्याच पार्टीत आहे.

तिच्यावरून फ्रीज आठवला. आमचा फ्रीज उघडताना झिणझिण्या यायच्या, म्हणून अकरा वर्षं आम्ही चप्पल घालून दूध काढत होतो. तू चहाला आलास, हे बघितलंस, सॉकेट उघडलंस. तिसऱ्या पिनेच्या मागे वायरच नव्हती. "इलेक्ट्रिशियनच्या घरात?" एवढंच म्हणालास. रविवारी अर्थिंग माझ्याकडूनच ओढून घेतलंस आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवायला लावलास. तो बसला आणि पडला. चढवला, पडला. मी एकेक सर्किट सोडवत बसलो आणि तू खुर्चीत बसून दोन बशा पोहे खाल्लेस. "शोधा, काका." दुपारी तीनला सापडलं. पॅसेजच्या दिव्याचा न्यूट्रल जुन्या मिस्त्रीनं आरसीसीबीच्या अलीकडून उचलला होता. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत येत नाही म्हटल्यावर तो बिचारा पडणारच. तुला पहिल्या दहा मिनिटांत कळलं होतं, हे तू वर्षभरानं कबूल केलंस. पोहे वसूल.

आयटीआयला वयाची वरची अट नाही, हेही तूच सांगितलंस. मला खरं वाटेना. "हातात काम आहे, कागद नाही. नवीन कनेक्शनच्या टेस्ट रिपोर्टवर परवानेवाल्याची सही लागते. जन्मभर दुसऱ्याच्या सहीची वाट बघणार का?" 2022 मध्ये मुलगी दहावी झाली आणि एकाच सायबर कॅफेत, एकाच दिवशी तिचा अकरावीचा फॉर्म आणि माझा आयटीआयचा भरला. तिची मार्कलिस्ट 91 टक्क्यांची, माझी 1992ची, घडीवर फाटलेली, 58ची. इलेक्ट्रिशियन ट्रेड, दोन वर्षं. सुरुवातीचे कितीतरी दिवस लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून काटकोनात आणण्यात गेले आणि मला वाटलं, फसवलं याने. माझी शिफ्ट दुपारची, म्हणून तू सकाळची कामं माझ्यासाठी राखलीस. गुरुवारी भोसरीच्या वर्कशॉपना सुट्टी, तेव्हा पहाटे पाचला शटर उघडायचं आणि बारापर्यंत पॅनल आवरायचं. तू कधी म्हणाला नाहीस की हे माझ्यासाठी आहे. पण त्याआधी तू गुरुवारी दहाशिवाय उठायचा नाहीस, हे तुझ्या आईनं सांगितलं.

माझ्याकडून तुला काय मिळालं, याचाही विचार केला. डीबीच्या दाराआतला तक्ता. पूर्वी तू मार्करनं "हॉल", "बेड 1" खरडायचास आणि दोन महिन्यांत ते पुसायचं. मी घरून टाईप करून, लॅमिनेट करून आणला. कुठला एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) कशाचा, किती अँपिअरचा, इन्व्हर्टरवर आहे का, सगळं मराठीत, ठळक. त्यावर तू हात फिरवलास आणि म्हणालास, "लग्नाची पत्रिकाच की." आता गिऱ्हाईक तो मागून घेतं.

2024 साली पास झालो. परवा पहिलं स्वतःचं काम घेतलं, चऱ्होलीला, दोन खोल्या आणि गच्ची. हेल्पर नाही, एकटाच. वायर प्रत्येक ठिकाणी हातभर जास्त सोडलीय, त्यामुळे थोडा खर्च वाढलाय. तुझा मेगर, वायरीचं इन्सुलेशन तपासायचा, अजून माझ्याकडेच आहे. गुरुवारी चऱ्होलीला ये, तिथंच घेऊन जा, आणि आलाच आहेस तर वायरी दोन बोटांनी हलवून बघ.

तुझा,
काका

ता. क. तक्त्यावरून मागे आपलं भांडण झालं होतं. गीझरमधला "गी" दीर्घच.